खुर्चीवरची उमा

परशुराममास्तरांच्या अंगणात एक हातांची खुर्ची होती, आणि त्या खुर्चीवर दिवसातून किती वेळा बसायचं याला त्यांच्या बायकोच्या, उमाच्या आयुष्यात काही धरबंध नव्हता. बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, पापणी लववायची नाही. मास्तर काळ्या कापडात डोकं खुपसून कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर तिचं तोंड बघायचे. काचेवर ते उलटं दिसायचं, डोकं खाली नि पाय वर. मग कापडातून नुसता हात बाहेर यायचा आणि तिला हाकायचा: इकडे, जरा तिकडे, हनुवटी वर. सगळं मनासारखं जमलं की मास्तर बाहेर येऊन म्हणायचे, "हां, ऊठ आता." उमा उठायची आणि पडवीत ताटकळलेलं गिऱ्हाईक तिच्या जागी येऊन बसायचं. मग कुठे कॅमेऱ्यात फोटोची प्लेट चढायची.

रत्नागिरीतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर मास्तरांचे फोटो होते. त्या प्रत्येक फोटोतला उजेड आधी उमाच्या तोंडावर पडून गेलेला. तिचा स्वतःचा फोटो मात्र एकही नव्हता. याचं मास्तरांना कधी नवल वाटलं नाही. तराजूचं वजन कोण करतो?

मास्तर आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सन चोवीस-पंचविसाच्या सुमारास बदलून निघालेल्या एका साहेबाचा कॅमेरा त्यांनी विकत घेतला, आणि थोड्याच दिवसांत शाळेला रामराम ठोकला. सुरुवातीचे त्यांचे फोटो म्हणजे नुसता हाहाकार होता. उजेड जितका जास्त तितका फोटो झकास, अशी समजूत; म्हणून गिऱ्हाइकाला भर बाराच्या उन्हात अंगणाच्या मधोमध बसवायचे. फोटोत डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं यायची आणि नाकाखाली अशी सावली पडायची की बायकांनाही मिशा फुटायच्या. एका वकिलाची आई आपला फोटो बघून म्हणाली होती, "मेल्या, मी अजून जिवंत आहे. हे माझं भूत आत्ताच कुठून आणलंस?" कोणाच्या डोक्यातून माड उगवलेला, कोणाच्या मानेवरून कुंपण आरपार गेलेलं. मागे जांभ्याची भिंत घेतली तर त्याहून वाईट, कारण तेव्हाच्या प्लेटीला लाल रंग दिसतच नसे. भिंत कोळशासारखी काळी यायची, केस तिच्यात बुडायचे आणि नुसतं तोंड अधांतरी तरंगायचं. लोक हसत. पण मास्तर हट्टी माणूस. चित्र बिघडलं तर पुसून पुन्हा काढायचं, एवढं त्यांना शाळेने शिकवलं होतं.

ड्रॉइंगच्या वर्गात स्टुलावर तांब्या ठेवतात आणि मुलं त्याच्या छाया-प्रकाशाचा अभ्यास करतात. मास्तरांना घरातच तांब्या मिळाला. उमा मंडणगडाकडच्या डोंगरातल्या गावातून लग्न होऊन आलेली, सोशिक, बसवली की बसणारी. दोन-तीन वर्षं मास्तरांनी तिला अंगणाच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक प्रहराच्या उन्हात बसवून पाहिलं. त्यातून ते शिकले, हे कबूल करायलाच हवं. सकाळचं तिरकं ऊन अंगणात आलेलं असताना माणसाला उन्हात न बसवता पडवीच्या कडेला, वळचणीच्या सावलीत बसवलं, तर उजेड तोंडावर दुधासारखा पसरतो. जी बाजू काळवंडते तिच्याकडे बांबूच्या चौकटीवर धुतलेलं धोतर ताणून धरलं की गाल उजळतो. डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका पडला पाहिजे, नाहीतर नजर मेलेली दिसते. माणूस ज्या दिशेला बघतो त्या बाजूला चौकटीत जागा मोकळी सोडायची, नाहीतर तो भिंतीवर डोकं आपटायला निघाल्यासारखा वाटतो. हात मांडीवर नुसते टाकले तर बाजारातल्या बांगड्यासारखे पडून राहतात. त्यांना काहीतरी धरायला द्यावं.

गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची ती वेगळीच. मान जरा वळवून फोटो घेतला की लोक म्हणायचे, "मास्तर, दुसरा कान कुठे गेला? पैसे दोन कानांचे घेतलेत ना?" कमरेपर्यंतच घेतला की, "पाय तोडलेत माझे!" मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे. पण हळूहळू लोकांनाही गोडी लागली. लांज्याहून, गणपतीपुळ्याहून माणसं बैलगाडी करून यायला लागली. लग्नाच्या मुली, मुंबईला निघालेले मुलगे, पेन्शनीत गेलेले शिरस्तेदार, सगळे त्या खुर्चीवर बसून जायचे आणि आपण असे दिसतो होय, म्हणून आपल्याच फोटोकडे चोरून बघत राहायचे. मास्तरांचं नाव झालं.

उमाला काय मिळालं? तिला वांग मिळाले. वर्षानुवर्षं उन्हाच्या तोंडाला बसून तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग धरले. शेजारच्या यमुनाबाई जायफळ उगाळून लावायला सांगायच्या, उमा लावायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीवर. कशाचा उपयोग होणार?

तिचं माहेर लांब होतं म्हणावं तर तेवढं लांबही नव्हतं. आगबोटीने बाणकोटला उतरायचं आणि पुढे बैलगाडी. पण त्या वाटेला एक कुलूप होतं. पावसाळ्यात आगबोटी बंद, समुद्र खवळलेला. तेव्हा मास्तरांना काम नसायचं, उमा मोकळी असायची, पण जायची सोय नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू व्हायच्या, आभाळ निवळायचं, आणि तेव्हाच मास्तरांचा हंगाम. "आत्ता गेलीस तर मी उजेड कोणावर बघू?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाळंतपणासाठी म्हणून तरी बाई माहेरी जाते. ते तिच्या नशिबात नव्हतं. अशी वर्षामागून वर्षं गेली. वडील गेले तेव्हा आषाढ होता, आणि कळलं तेव्हा श्रावण. धाकटा भाऊ चिंतामणी मुंबईला नोकरीला लागला. गावी राहिल्या म्हातारी आई आणि भावजय गोदा, दोघींनाही अक्षरओळख नाही. निरोप यायचे ते माणसांच्या तोंडी.

आईचा निरोप दर वेळी एकच. पोरीचं तोंड दाखवा.

उमाने ते मास्तरांना सांगून पाहिलं. येणं जमत नाही तर निदान माझा एक फोटो काढा, आईला धाडू. मास्तर म्हणायचे, "काढू गो, काढू. घरचंच तर काम. चांगला उजेड मिळू दे." चांगला उजेड रोज मिळायचा आणि रोज दुसऱ्याच्या कामी यायचा. हलवायाच्या घरी गोडाची चव नसते म्हणतात ती अशी. उमाला राग यायचा, पण तो तिने चुलीपुढे गिळला. आपल्याकडच्या बायकांना गिळण्याचं शिक्षण कोणी द्यावं लागत नाही.

सन चौतीसच्या दसऱ्याच्या आसपास भागोजी खलाशी दारात आला. हा बाणकोटच्या अंगाचा, आगबोटीवर कामाला, येताजाता निरोप पोचवणारा. तो पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "वयनी, तुमच्या आवशीनं सांगून धाडलान. म्हातारी हातरुनाला लागलीय. डोलं मिटायच्या आदी लेकीचा तोंड बगायचाय म्हनते."

उमा त्या दिवशी खुर्चीवर बसली नाही. हंगामात असं पहिल्यांदाच. मास्तरांनी अंगणातून हाक मारली, पडवीत गिऱ्हाईक खोळंबलं, तरी ती माजघराच्या दारात उभीच राहिली.

"मला बोटीत बसवून द्या."

"अगो, दिवाळी तोंडावर आलीय. आत्ता कशी जाशील?"

"मग आधी माझा फोटो काढा. प्लेट घालून. नाहीतर मी बसायची नाही, कोणासाठीच नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. हा तांब्या बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "उद्या सकाळी."

आता ह्या माणसाला नुसतं नावं ठेवून चालणार नाही. एकदा काढायचा म्हटल्यावर त्यांनी तो फोटो टाकणं टाकल्यासारखा काढला नाही. उलट सगळी विद्या पणाला लावली, आणि सगळा घात तिथेच झाला. उमाचं रोजचं लुगडं काचेवर मळकट दिसतं म्हणून यमुनाबाईंचा शालू आणवला. शालू नेसवून काचेवर बघितलं तर गळा मोकळा वाटायला लागला. तोंडाच्या उजेडाला खाली कुठेतरी चकाकीची जोड हवी, असं मास्तरांच्या चित्रकलेने सांगितलं. मग यमुनाबाईंच्या गळ्यातली सोन्याची माळ आली. त्या माळेत एक टाक होता, बाईची प्रतिमा ठोकलेला.

यमुनाबाई दुसरेपणावर दिलेल्या. पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाचा टाक गळ्यात बांधायचा, तिला रोज हळदकुंकू लावायचं, तिचं माहेर ते आपलं माहेर मानायचं, ही रीत. यमुनाबाईंनी माळ देताना कां-कू केलं होतं, पण मास्तरांना नाही कोण म्हणणार?

उमाने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हा सवतीचा टाक आहे. हा मी घालू नये."

"फोटोत कोणाला कळतं टाक की पुतळी? उजेड धरला म्हणजे झालं. हनुवटी जरा खाली घे."

तिने हनुवटी खाली घेतली. प्लेट चढल्याचा खट् असा आवाज झाला. हा आवाज तिने हजारदा ऐकला होता, पण नेहमी पडवीतून. खुर्चीवर बसून तो ती पहिल्यांदाच ऐकत होती. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या तोंडावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं. तेवढा वेळ उमाने समोर आई उभी आहे असं समजून पाहिलं. खरंच सांगायचं तर इतक्या वर्षांत ती एवढी आनंदात कधी नव्हती.

मास्तर प्लेट घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले, आणि मग दोन दिवस खिडकीशी बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवत राहिले. त्या प्लेटीला तांबूस-तपकिरी काळं दिसायचं, त्यामुळे वांग होते त्याच्या दुप्पट उठून आले होते. ते मास्तरांनी एकेक करून बुजवले. डोळ्यांखालची काळोखी गेली, कपाळावरच्या आठ्या गेल्या. डाव्या भुवईवर एक आडवा वण होता, तोही गेला. उमा तीन वर्षांची असताना आई कांडत होती, पोर मध्ये आली आणि मुसळ निसटतं लागलं, त्याचा तो वण. आई जन्मभर त्या वणावरून बोट फिरवायची आणि हळहळायची.

फोटो उन्हात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून मास्तरांनी तिच्यापुढे धरला. शालू नेसलेली, गोरीपान, विशीतली एक देखणी बाई कुठेतरी लांब बघत होती. उमाने बराच वेळ पाहिलं.

"माझा वण कुठाय?"

"तो कशाला? फोटोत डाग ठेवतात होय?"

"आई तोच बघेल हो आधी."

"तुझी आई काय मुंबईच्या प्रदर्शनाची परीक्षक लागून गेलीय? अगो, असा फोटो माझ्या हातून आजवर झाला नाही." ते खरंच खूश होते. दुसरी प्रत त्यांनी तेव्हाच चौकटीत घालून रस्त्याकडच्या भिंतीवर नमुना म्हणून लावली.

उमा मुळाक्षरं गिरवून थोडंफार लिहायला शिकली होती. तिला पाठीमागे 'आई, तुझी उमा' एवढंच लिहायचं होतं. मास्तरांनी दौत उचलून फळीवर ठेवली. "शाई पुढे उमटते. चेहऱ्यावर डाग येईल." पाठीवर त्यांनी आपल्या नावाचा शिक्का मात्र मारला, कारण तो पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात येत होता.

भागोजीने फोटो फडक्यात गुंडाळून नेला. बाणकोटला त्याची बोट थांबणार किती? त्याने तो मंडणगडच्या गाडीवानाकडे दिला, गाडीवानाने गावच्या कोणा गुराख्याकडे. निरोप हातोहात झिजतो. भागोजीने 'उमावयनीचा फोटो' म्हणून दिला असेल. घरी पोचला तेव्हा तो 'रत्नागिरीच्या जावयाच्या बायकोचा फोटो' एवढाच होता.

मार्गशीर्ष सरत आला. भागोजी मधल्या काळात दिसला नाही. उमा मनातल्या मनात आईच्या अंथरुणाशी जाऊन बसायची. आईने फोटो उशाशी ठेवला असेल, गोदाला दाखवला असेल, आल्यागेल्याला दाखवत असेल, असं काहीबाही मनात घोळवायची आणि खुर्चीवर नेहमीपेक्षा जरा ताठ बसायची. रस्त्यावरून जाणारे लोक भिंतीवरच्या बाईकडे बघून थांबत. गिऱ्हाइकं विचारत, "मास्तर, ही कोण? मुंबईची दिसते." मास्तर नुसते हसत.

एका सकाळी अशीच ती खुर्चीवर होती. बाजूला धोतराची चौकट, समोर काळ्या कापडात मास्तर, पडवीत कोणा सावकाराची सून नटूनथटून बसलेली. कुंपणाचं बेडं करकरलं. पाठीमागून कोणीतरी अवघडून बोललं, "ताई, मी चिंतामणी. ह्या घरातल्या थोरल्या बाईंचा भाऊ. आपल्याला ओटी घेऊन आलोय."

उमा वळली.

त्याच्या डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. आई गेली, हे त्याने तोंड उघडायच्या आधी तिला कळलं. आणि त्याने तिची डावी भुवई पाहिली, आणि त्याच्या हातातली पिशवी खाली गेली, नारळ गडगडत मास्तरांच्या कॅमेऱ्याच्या तिवईपर्यंत गेला.

"ताई," तो म्हणाला, आणि ह्या वेळी ती हाक वेगळी होती. "तू आहेस?"

मग पायरीवर बसून त्याने जे सांगितलं ते असं. फोटो आला तेव्हा आईला उठवून ओटीवर उजेडात बसवलं होतं. आईने आधी भुवई बघितली. वण नाही. म्हणाली, ही माझी उमा नव्हे. मग गोदाने गळ्यातला टाक दाखवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. उमा गेली, ते कळवणारं पत्र पावसात कुठेतरी भिजून गेलं असणार, आता जावयाने दुसरं केलंय आणि रीतीप्रमाणे नवीचा फोटो तिच्या सवतीच्या माहेरी धाडलाय, असा त्यांनी अर्थ लावला. कोण दुसरा लावील? आईला आंघोळ झेपत नव्हती तरी तिने गेलेल्या लेकीच्या नावाने गार पाणी डोक्यावरून घेतलं. त्या पाण्याने जो ताप भरला तो उतरलाच नाही. चिंतामणी मुंबईहून पोचला तेव्हा ती जेमतेम बोलत होती. फोटो त्यानेही पाहिला. त्यालाही बहीण ओळखता आली नाही, आणि नंतर दिवसवारांच्या धांदलीत पत्र पाठवून विचारावं असं डोक्यातही आलं नाही.

"मरायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, त्या नव्या पोरीचा काय दोष? तिला आपलं म्हण. माझं इरकली लुगडं तिला नेऊन दे." त्याने पिशवीतून ते काढलं. त्याला अजून आईच्या पेटीतल्या कापराचा वास होता.

"आणि माझ्यासाठी काय केलंन?" उमाने विचारलं.

चिंतामणी म्हणाला, "तुझ्या नावाने कावळ्याला घास ठेवायला लावलान गोदाकडून. कावळा लगेच शिवला. आईला तेवढंच समाधान. म्हणाली, माझ्या पोरीची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती."

उमा रडली नाही. लुगडं मांडीवर घेऊन बसली. मास्तर तिवईशी उभे होते, काळं कापड अजून खांद्यावर. त्यांना वाईट वाटलं होतं. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि सवय वाईट असते, त्यांच्या तोंडून गेलं, "पण वण ठेवला असता तर उजेड तिथे फुटला असता."

चिंतामणी ताडकन उठला. "चल ताई. माझ्याबरोबर चल. आजच्या बोटीने."

"कशाला? माझं तोंड बघणारं माणूस गेलं. आता तिकडे जाऊन कोणाला भिववू?"

पडवीत सावकाराची सून चुळबुळ करत होती, तिच्या सासूने खाकरून दाखवलं. अंगणातलं ऊन पायरीवरून खाली उतरायला लागलं होतं. थोड्या वेळाने वळचणीतला उजेड निघून जाणार आणि आजचा दिवस फुकट. मास्तर जवळ आले, अगदी हळू आवाजात, जवळजवळ गयावया करत म्हणाले, "उमा, ऊन सरकतंय. एवढं एकच बघून घेऊ दे. मग तू आत जा."

उमाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मी मेले हो. माझा घास कावळ्याने नेला. मेलेल्या बाईला उन्हात बसवतात होय?"

ती उठली आणि लुगडं घेऊन परसात गेली. मागे मास्तरांनी सावकाराच्या सुनेला तसंच खुर्चीवर बसवल्याचं ऐकू आलं. विहिरीवर तिने रहाट ओढला आणि आईच्या नावाने डोक्यावरून पाणी घेतलं. मग पुन्हा एक कळशी भरली. तिच्यासाठी ह्या घरात कोणी आंघोळ केली नव्हती, म्हणून ती दुसरी कळशी तिने स्वतःच्या नावाने ओतून घेतली.